एनी म्हणजे काही

कुंडलिक मास्तरला इंग्रजी येतं ही गोष्ट माळवाडीत त्यानं स्वतःच पसरवली होती. ती अगदीच खोटी नव्हती. सांगवीच्या माळ्याचा पोरगा, घरी पाटाच्या पाण्यावर वांगी-मिरच्या पिकवणारी माणसं. सातवीची फायनल होऊन लोकल बोर्डाच्या शाळेवर लागला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. पुढं बाहेरून मॅट्रिकला बसायचं त्याच्या मनानं घेतलं. फायनलपर्यंत त्याला इंग्रजी नव्हतं. म्हणून दर शनिवारी शाळा सुटली की तो सायकलवर टांग मारायचा, घरी जाऊन राहायचा आणि रविवारी सकाळी बारामतीत आबासाहेबांपुढं वही उघडून बसायचा. आबासाहेब हायस्कुलातून निवृत्त झालेले, इंग्रजीचे जुने शिक्षक. दिसायला कडक, पण एकच गोष्ट दहादा सांगायला न कंटाळणारे.

माळवाडी इंदापूरच्या अंगाला, उघड्या माळावर. तीस-पस्तीस घरं, बहुतेक धनगरांची. पूर्वी मेंढरांमागं फिरणारी माणसं, आता निम्मीअधिक वालचंदनगरच्या उसात नाहीतर कारखान्यात कामाला जाणारी. रॉकेलच्या डब्यावरची अक्षरं, रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकच्या पाठीवरची अक्षरं मास्तर मोठ्यानं वाचायचा आणि पोरांपेक्षा त्यांचे आईबापच जास्त कौतुकानं बघायचे. ते कौतुक त्याला आवडायला लागलं होतं.

छप्पन सालच्या श्रावणात एक दिवस शाळा भरलेली असताना गोजरबाई दारात येऊन उभी राहिली. पदराच्या गाठीत एक लांबट पाकीट होतं. मागं तिची सून नकोशी.

"मास्तर, पोस्टमन म्हनतोय, इंग्रजीतला हाय. माझ्या बिरूच्या कामावरनं आलाय."

बिरू तिचा एकुलता एक. वालचंदनगरला पहार आणि सुरुंगाचं काम शिकला आणि दोन वर्षांपूर्वी एका मुकादमाच्या टोळीबरोबर दूर मद्रासकडं कुठल्याशा धरणावर गेला होता. तिथल्या कचेरीतल्या लोकांना मराठीचा गंध नव्हता, म्हणून पत्र इंग्रजीत, टाइप केलेलं.

कुंडलिकनं पाकीट फोडलं. पानभर मजकूर. पहिल्या ओळीतच एक शब्द अडला. तो सोडून तो पुढं गेला. होडी, नदी, चौदा माणसं. एवढं लागलं. नाव उलटली होती. नऊ जणांची ओळख पटली असं काहीतरी होतं. मग एक लांबलचक शब्द, तोही त्यानं सोडला.  

त्या वेळी तो म्हणू शकला असता, की मावशी, हे माझ्या आवाक्यातलं नाही, वालचंदनगरला एखाद्या साहेबाकडून वाचून आणा. दीड कोसावर तर होतं. जिभेवर आलंही होतं. पण गोजरबाई त्याच्या तोंडाकडं अशी बघत होती की त्याला ते म्हणवेना.

तेवढ्यात खालच्या ओळीत त्याला ओळखीचे तीन शब्द दिसले. हार्डली एनी होप. होप म्हणजे आशा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हार्ड म्हणजे कठीण. आणि एनी तर गेल्याच रविवारी झालेला. वहीत लिहून घेतलं होतं, एनी म्हणजे काही. त्याचा जीव भांड्यात पडला.

"नाव उलटली मावशी, नदीला पूर आला तवा. काही मानसं घावली, काही अजून घावायची हाईत. बिरूचं नाव घावलेल्यांत न्हाय. पर आशा हाय म्हनत्यात. काम कठीण हाय, पर आशा हाय."

गोजरबाई मटकन खाली बसली. मग हात जोडून तिनं बिरोबाचं नाव घेतलं. नकोशी मात्र उभीच होती.

"मास्तर," ती म्हणाली, "आशा हाय, आसंच लिवलंय?"

"तेच तर लिवलंय. ही बघा अक्षरं." त्यानं बोट ठेवून दाखवलं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. तरी ती त्या बोटाखाली बराच वेळ बघत राहिली.

पत्रात आणखी दोन वाक्यांत एनी होता. एक सोपं होतं. घरचं कुणीही ऑक्टोबरअखेर येऊन वस्तू ओळखून घेऊन जावं. ते त्यानं सांगितलं. गोजरबाई म्हणाली, "वस्तू घिऊन काय करू? मानूसच येनार हाय न्हवं? आमी तिकडं जायाचं अन् त्यो हिकडं यायाचा." दुसऱ्या वाक्यात 'एनी मार्क्स' होतं. मार्क म्हणजे परीक्षेतले गुण, एवढंच मास्तरला माहीत. बिरूला परीक्षेत किती गुण होते हे धरणावरच्या कचेरीला कशाला हवं, ते त्याला कळेना. बिरू तर शाळेचं तोंड न पाहिलेला. ती ओळ त्यानं वाचलीच नाही.

संध्याकाळी त्यानं उत्तर लिहिलं. चार ओळींचं, इंग्रजीत. त्यातलं एक वाक्य त्याला फारच जमलंय असं वाटलं होतं, वुई हॅव एनी होप. आम्हालाही काही आशा आहे. मूळ पत्र त्यानं वहीत उतरवून घेतलं, पुढं अभ्यासाला होईल म्हणून.

नंतरचे पाच महिने गोजरबाई त्या एका शब्दावर जगली. दिवाळी झाली, थंडी पडली. तिच्याकडं सात-आठ मेंढरं उरली होती. त्यातला एक काळा बकरा तिनं बिरू आल्यावर देवाला द्यायचा म्हणून वेगळा बांधला. कुणी भेटलं की सांगायची, "मास्तरनी वाचलंय. आशा हाय म्हनून सायबानं लिवलंय." कुंडलिक दिसला की थांबून विचारायची, नवा कागद आला का. तो म्हणायचा, येईल. पहिल्यांदा सहज म्हणाला होता. पुढं पुढं ते म्हणताना त्याला तिच्याकडं बघवेनासं झालं, का ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

नकोशीचं वय वीस-एकवीस. मूलबाळ नव्हतं. रुईहून तिचा भाऊ म्हस्कू दोनदा येऊन गेला. बहिणीला घरी न्यावं, पुढं बघून कुठं पाट लावून द्यावा, असं त्याच्या मनात. गोजरबाईनं त्याला अंगणातूनच परत लावलं.

"माझ्या ल्योकाची बायको हाय ती. ल्योक जिता हाय माझा. जित्याच्या बायकूचा पाट लावतूस व्हय?"

 नकोशी आत चुलीपाशी बसून ऐकत होती. ती दिवसभर उसात खुरपायला जायची, परत येऊन सासूचं सगळं करायची. हातातल्या बांगड्या ना धड घातलेल्या वाटत, ना काढता येत.

जानेवारीतल्या एका रविवारी आबासाहेबांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. सम आणि एनी.

"कुंडलिक, हा एनी जपून वापर. याला स्वतःचा असा अर्थ नाही म्हटलं तरी चालेल. शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतं. प्रश्नात आला तर काही. साध्या वाक्यात आला तर कोणताही. आणि नकाराबरोबर आला तर एकही नाही, मुळीच नाही."

"पर वाक्यात नॉट नसंल तर नकार कसा?"

"काही शब्दांच्या पोटात नकार असतो. विदाउट. सेल्डम. हार्डली."

कुंडलिकच्या हातातली पेन्सिल थांबली.

"हार्डली म्हणजे कठीण न्हाय?"

"नाही रे. हार्ड म्हणजे कठीण. हार्डली म्हणजे जवळजवळ नाहीच. हार्डली एनी वॉटर इन द वेल. विहिरीत पाणी जवळजवळ नाहीच."

"अन् पान्याच्या जागी होप असंल तर?"

आबासाहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. "तुला काय होतंय?"

त्यानं वही मागं उलटली आणि उतरवून घेतलेलं पत्र त्यांच्यापुढं केलं. आबासाहेबांनी ते एकदा वाचलं. मग खडू खाली ठेवून, हात पुसून, पुन्हा वाचलं. नंतर एकेका ओळीचा अर्थ हळूहळू सांगितला. कळवण्यास खेद वाटतो. बाकीच्यांपैकी कुणी जिवंत सापडेल अशी आशा जवळजवळ नाहीच. तीन देह नंतर मिळाले, त्यांची ओळख पटलेली नाही. आपल्या माणसाच्या अंगावर काही खुणा असतील तर त्या कळवाव्यात.

"खुना?"

"मार्क्स म्हणजे इथं खुणा. डाग, व्रण, गोंदण. कुणाचं पत्र आहे हे?"

कुंडलिकनं सगळं सांगितलं. आबासाहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "आजच जा. उद्यावर टाकू नकोस. उद्या तुझा धीर होणार नाही."

तो बारामतीहून निघाला तो थेट माळवाडीला गेला. वाटेत दोनदा सायकलवरून उतरून चालला. गोजरबाई अंगणात लोकर पिंजत बसली होती. त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. आपण चुकीचं वाचलं. कागदात आशा नाही असं लिहिलंय. बिरूच्या अंगावर काही खूण असेल तर कळवायला सांगितलं होतं, तेही आपल्याला समजलं नाही.

गोजरबाईचे हात थांबले नाहीत.

"म्हंजी त्योच कागुद?"

"त्योच."

"तवा त्यात आशा हुती, आन् आता न्हाय?"

"मावशी, माझी चूक..."

"एकाच कागदाचं तुमी दोनदा दोन सांगितलं. आता मी कुठलं खरं धरू? पुढच्या म्हैन्यात तिसरंच सांगाल. मी पयलं धरलंय. जावा तुमी."

"पर खुना..."

"जित्या मानसाच्या खुना मी न्हाय सांगत!" ती ओरडली. तिच्या हातातली लोकर मातीत पडली.

कुंडलिक सायकल धरून रस्त्याला लागला. पाठीमागं पावलं वाजली. नकोशी होती.

"डाव्या हातावर गोंदलेलं हाय त्येंच्या," ती म्हणाली. "नाव."

"मी आजच कचेरीला लिहितो वैनी."

"नगं." ती पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघून बोलली. "आता कागुद नगं. म्या तवाच इचारलं हुतं तुमास्नी. आता मला तितं न्या. दादालाबी सांगावा धाडते. तुमी बोलायला चला."

रजा टाकून तो, नकोशी आणि म्हस्कू असे तिघं निघाले. बारामतीहून छोट्या गाडीनं दौंड, दौंडहून मद्रासकडं जाणारी गाडी. एक रात्र नि एक दिवस बाकावर बसून काढला. पुढं एका स्टेशनवरून सिमेंटच्या ट्रकवर बसून धरणाच्या कामावर.  बरोबर आणलेल्या भाकरी नकोशीनं दोघांना वाढल्या, स्वतः एकदाच खाल्लं.

कचेरीत एक म्हातारे कारकून होते, कपाळाला भस्म लावलेले. ते भराभरा बोलायला लागले तेव्हा कुंडलिकनं हात जोडून सांगितलं, की मला फार थोडं येतं, हळू बोला, शक्यतो लिहून दाखवा. ते लिहून दाखवू लागले. ज्या ज्या शब्दाला तो अडला तिथं त्यानं बोट ठेवलं आणि मला माहीत नाही म्हणाला. त्या एका दुपारी वीस वेळा तरी म्हणाला असेल.

कारकुनांनी फाइल काढली. तिच्यात सगळ्यात वर कुंडलिकचं स्वतःचं पत्र होतं. वुई हॅव एनी होप. त्याच्याखाली तांबड्या पेन्सिलीची रेघ आणि प्रश्नचिन्ह. त्यांनी लिहून दाखवलं, आम्ही पुष्कळ विचार केला, पण तुम्हाला काय म्हणायचंय ते समजलं नाही. डिसेंबरपर्यंत वस्तू ठेवल्या होत्या. घोंगडं होतं, एक पितळी तांब्या होता. आता नाहीत.

मग त्यांनी डॉक्टरची वही आणवली. तिसरा देह चार मैल खाली मिळाला होता, पाचव्या दिवशी. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता. नदीकाठीच अग्नी दिला. डाव्या हातावर कसली तरी अक्षरं होती. तिथं कुणाला नागरी वाचता येत नव्हतं, म्हणून डॉक्टरनं जशी दिसली तशी, चित्र काढावं तशी, वहीत काढून ठेवली होती.

कारकुनांनी वही फिरवून त्याच्यासमोर धरली.

आपलीच अक्षरं होती. वाकडीतिकडी, पण पहिलीतलं पोर वाचेल अशी. शेवटच्या अक्षराची खालची रेघ तेवढी भलतीच लांब गेली होती.

नकोशी म्हणाली, "वाचा."

कुंडलिकनं आधी कारकुनांकडं पाहिलं.

"वाचा की मास्तर. हे तर मराठी हाय न्हवं?"

"बिरू," तो म्हणाला.

म्हस्कू भिंतीला टेकून खाली बसला आणि तोंडावर पटका धरून रडायला लागला. नकोशीनं नुसती मान हलवली, जसं काही तिला रस्ता सांगितला होता आणि तो तिला समजला होता.

कुंडलिकनं पातळ कागद वर ठेवून ती अक्षरं गिरवून घेतली. ती लांब रेघ डॉक्टरचा हात घसरून आली असेल असं वाटून तो ती सोडायला निघाला होता. नकोशी म्हणाली, "हाय तसं उतरवा. तुमच्या मनाचं काय घालू नगा."

शिपायानं त्यांना काठ दाखवला. त्यानंतर पूर येऊन गेले होते. वाळू आणि गोटे, बाकी काही नाही. नकोशी एका दगडापाशी बसली आणि दोन्ही मनगटं तिनं दगडावर आपटली. एकदा, दोनदा. म्हातारे कारकून वहाणा काढून लांब उभे होते. मग ती नदीत उतरून हात धुऊन आली. "चला," म्हणाली, "घरी आत्या एकल्या हाईत."

माळवाडीत पोचले तेव्हा गोजरबाई दारातच होती. तिची नजर आधी सुनेच्या मनगटांवर गेली.

"हे तुला कुनी कराया सांगितलं?"

"मीच केलं, आत्या."

"मास्तरनी सांगितलं आसंल. कागुद दावला आसंल. पुन्यांदा कागुद!"

नकोशीनं कुंडलिककडून तो कागद घेतला, सासूसमोर उकिडवी बसली आणि कागद तिच्या मांडीवर ठेवला. "ह्यो वाचायचा न्हाय, आत्या. नुसता बघा."

गोजरबाईनं कागद झटकून टाकायला हात उचलला. तो तसाच राहिला. तिला अक्षर ठाऊक नव्हतं. अ म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. पण तिचं बोट त्या आकारांवरून फिरत फिरत त्या लांब रेघेपाशी आलं, आणि रेघेबरोबर खाली, कागदाच्या कडेपर्यंत गेलं.

"हितं त्यानं हात वढला हुता," ती म्हणाली.

नकोशी तिच्याजवळ सरकली.

"जत्रत. आठ वरसाचा हुता. गोंदनारनीनं सुई टोचली, आन् ह्यानं हात वढला. रेघ पार मनगटापातूर गेली. लई मारला म्या त्याला. नाव इसकाटलं म्हनून मारला." तिनं पुन्हा बोट फिरवलं. "लई मारला."

मग तिनं कागद छातीशी धरला आणि अशी ओरडली, की तिची हाक माळापलीकडच्या वस्तीपर्यंत गेली.

दिवस घातले ते साडेपाच महिन्यांनी, निरेच्या काठावर. पुढं वैशाखात म्हस्कूनं बहिणीला न्यायला बैलगाडी आणली. गोजरबाईनंच नकोशीचं गाठोडं बांधलं. रुईतल्या एका बिजवराशी, सावळारामशी, तिचा पाट लागला. माणूस शांत होता. कुंडलिकला बोलावणं नव्हतं, आणि तो गेलाही नाही.

गावात त्याला कुणी वाकडा शब्द बोललं नाही. मास्तर म्हणून मान होता तसा राहिला. फक्त त्याच्याकडं वाचायला कागद येईनासे झाले, मराठीतलेसुद्धा. पोस्टमन पत्र देऊन जायचा आणि लोक ते घेऊन वालचंदनगरला जायचे. मार्चमधल्या परीक्षेला तो बसलाच नाही. बदली मागितली आणि जूनमध्ये ती झाली.

निघायच्या दिवशी तो गोजरबाईला शोधत माळावर गेला. ती मेंढरं चारत होती. इतके महिने ती त्याच्याशी बोलली नव्हती. त्यानं टोपी काढून हातात घेतली. काय बोलायचं ते त्यानं रात्रभर ठरवलं होतं. त्यातलं काही आठवेना.

"मावशी, मी निघालो."

"कुठं नेमलं?"

"भोरकडं."

तिनं मेंढरांकडं पाहिलं. काळा बकराही त्यांच्यातच चरत होता.

"तुमी वंगाळ मनानं न्हाय वाचलं," ती म्हणाली. "त्ये मला ठावं हाय. पर येत न्हवतं, तर येत न्हाय म्हनायचं हुतं, मास्तर. मी काय तुमास्नी हसले आसते?"

 एक मेंढी ओढ्याकडं वळली तशी गोजरबाई काठी उचलून, तोंडानं आवाज करत तिच्यामागं गेली. ती परत इकडं येईल असं वाटून तो थोडा वेळ थांबला. मग टोपी घालून सायकलकडं चालू लागला. इंदापूरची एसटी साडेदहाला होती.